पाय सरकला

आमच्या दारात येऊन जो माणूस काहीच न मागता उभा राहायचा, त्याच्यासोबत माझे बाबा निघून जायचे. मागणारे रोजच यायचे. मासोळी आहे का, जाळं शिवून देता का, पलीकडे जायला डोंगा लागतो, तंबाखूची पुडी आहे का. ते ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे, बाबांच्या म्हाताऱ्या डोंग्याची थट्टा करायचे. पण एखादा माणूस अंगणाच्या कडेलाच थांबायचा, चप्पल हातात घेऊन, आणि एवढंच म्हणायचा, "देवराम भाऊ, चाल ना." कुठे, कोणासाठी, बाबा विचारत नसत. हातातली गाठ पुरी करायची, जाळं खुंटीला टांगायचं आणि निघायचं. आई मागे वळून चुलीवर पाण्याचा मोठा गंज चढवायची आणि त्यात कडुलिंबाचा पाला टाकायची. तो गंज चढला की आम्हा भावंडांना कळायचं, कोणीतरी बुडालं.

आम्ही ढिवर. आरमोरीकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीला लागून आमचं घर. त्या तलावातून, आजूबाजूच्या बोड्यांतून, म्हणजे लहान तळ्यांतून, कधी वैनगंगेच्या डोहातूनही बुडालेल्या माणसाला वर काढायचं काम बाबांचं. कोणी नेमलं नव्हतं. आजोबा करायचे म्हणून बाबा करायचे. पट्टीचे पोहणारे गावात दुसरेही होते, पण तळाच्या चिखलात, शेवाळात हात घालून माणूस चाचपायचा म्हटलं की त्यांचा ऐनवेळी कान दुखायचा. काम झालं की बाबा परत यायचे आणि दाराबाहेर उभे राहायचे. कशाला शिवायचे नाहीत, कोणाशी बोलायचे नाहीत. आई न्हाणीत पाणी ओतायची, ते खूप वेळ अंग घासायचे, आणि मग लाखोळीचं वरण-भात, बस. त्या दिवशी घरात मासोळी शिजत नसे. पुढचे कित्येक दिवस गावही त्या तलावाची मासोळी खात नसे. म्हणजे ज्यानं माणूस काढला त्याचंच जाळं कोरडं. हे सगळ्यांना रीतसर वाटायचं. मला मात्र तेव्हापासूनच चीड यायची, आणि चिडीच्या खाली लाजही होती. वर्गातल्या पोट्ट्या मला मुर्देवाल्याची पोट्टी म्हणायच्या. डबा खाताना माझ्याशेजारी जागा मोकळी राहायची. बाबा शाळेच्या रस्त्यानं येताना दिसले की मी दप्तर सावरायच्या निमित्तानं खाली वाकायचे. हे आधी लिहून टाकते, कारण पुढे मी त्यांच्या बाजूनं केवढी ओरडले ते वाचून कोणाला वाटायला नको की मी नेहमीच त्यांच्या बाजूला होते.

काठावर बसलेल्या घरच्या लोकांना बाबा एकच वाक्य सांगायचे, "पाय सरकला." दारू पिऊन पाण्यात गेलेला म्हातारा असो, पोहायला उतरलेलं पोरगं असो, सासरहून आलेली लेक असो. पाय सरकला. पोलीस आले, पंचनाम्याला बसले, तरी तेच. लहानपणी मला वाटायचं, आमच्या तलावाचा काठ खरंच फार निसरडा आहे. आम्ही पोरं तिथं पाय रोवून रोवून चालायचो.

मी सोळा वर्षांची असताना गावातल्या शेवंताबाईची मुलगी त्या तलावात गेली. माझ्याहून थोडी मोठी, शिवणाच्या क्लासला जाणारी, मोठ्यानं हसणारी. तिचं नाव मी लिहिणार नाही. बाबांनी तिला दुपारी वर काढलं, काठावर ठेवलं, नेहमीचं वाक्य सांगितलं आणि घरी आले. पण त्या दिवशी न्हाणीत त्यांचा हात चालेना. आई पाणी ओतत होती. मी न्हाणीच्या कुडाला टेकून बसले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाबा हळूच बोलले, "ओढणीले गाठ होती वं. खालीच सोडली मी. वर आनली तवा काई नोतं." आई म्हणाली, "बरं केलं." मग पाण्याचाच आवाज आला. त्या गाठीत काय होतं तेही बाबांनी आईला सांगितलं. ते मी एकदा छापलं आहे, दुसऱ्यांदा छापणार नाही. एवढं समजून घ्या की ज्याचा पाय सरकतो त्याच्या ओढणीला तसली गाठ नसते. बाबांनी श्वास कोंडून, आंधळ्या पाण्यात, ती ओली आवळलेली गाठ बोटांनी सोडवली होती. जाळ्याची गाठ सोडवायला त्यांनी मलाही शिकवलं होतं. ओढायची नाही, ओढली की बसते. दोन्हीकडून थोडी थोडी ढिली करायची.

एकोणिसाव्या वर्षी मी कार्यकर्ती झाले. कुरखेड्याला दहा दिवसांचं शिबिर होतं. सतरंज्यांवर झोपायचं, पोपटाच्या शेंगांची पातळ भाजी खायची आणि दिवसभर पत्रकं लिहायला शिकायचं. शिकवणाऱ्या ताई कडक होत्या. पहिल्याच ओळीत प्रश्न टाका. विशेषणं काढा. लिहिलेला शब्द मागे घेऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ठोस उदाहरण द्या. वाचणारा तुमचं नाव विसरला तरी चालेल, उदाहरण विसरता कामा नये. मला हे असं काही चढलं की घरी आल्यावर मी आईशीसुद्धा पत्रकाच्या भाषेत भांडू लागले. "तुम्ही हे का सहन करता?" असं मी शुद्ध भाषेत विचारायचे. आई म्हणायची, "तू कुठी गेल्ती वं, कुरखेड्याले का पुन्याले?"

त्याच हिवाळ्यात, सव्वीस जानेवारीला, गावात शेवंताबाईच्या मुलाचा, प्रमोदचा, सत्कार ठरला. प्रमोद फौजेत होता. वर बर्फाच्या डोंगरावर कडा कोसळून त्याचे सोबती गाडले गेले, तेव्हा हातांनी बर्फ उकरून त्यानं एकाला बाहेर काढलं होतं. त्याला शौर्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. बसस्टँडच्या फाट्यावर त्याच्या फोटोचं बॅनर लागलं, 'आपल्या गावाचा हिरो'. शाळेच्या मैदानात मंडप, पोरींचं लेझीम, सरपंचांचं भाषण. मी ते बॅनर पाहिलं आणि माझं डोकं सरकलं. एकानं एक माणूस बर्फातून काढला तर बॅनर. माझ्या बापानं किती माणसं पाण्यातून काढली, त्याला शेजारी बसायला माणूस नाही? हा राग खोटा नव्हता. आजही मला तो राग बरोबर वाटतो. त्याचं मी जे केलं त्याची लाज आहे.

एका दमात मी पत्रक लिहिलं. 'हिरो कोण? खांद्यावर बंदूक असली की हिरो, आणि खांद्यावर ओलं जाळं असलं की मुर्देवाला?' अशी सुरुवात. मग बाबांचं काम, त्यांचं दाराबाहेर उभं राहणं, कोरडं जाळं. लिहून झालं, वाचलं, आणि मला ते गुळगुळीत वाटलं. कुठे लागत नव्हतं. ताईंचा आवाज कानात होता: ठोस उदाहरण. मी पेन उचललं आणि ती गाठ लिहिली. मुलीचं नाव टाकलं नाही. तेवढी अक्कल मला होती, आणि तेवढ्या अकलेचा मला अभिमानही वाटला. पण गेल्या तीन वर्षांत आमच्या तलावातून एकच मुलगी निघाली होती. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आरमोरीला बाजाराच्या दिवशी प्रती काढल्या, गुलाबी कागदावर, आणि गठ्ठा पोटाशी धरून एसटीनं गावी आले.

झेंडावंदन झाल्यावर मंडप भरला तेव्हा मी प्रत्येक रांगेत पत्रकं दिली. लोकांनी ती घेतली, काहींनी त्यांची घडी करून वारा घेतला, दोघातिघांनी मोबाईलवर फोटो काढून पुढे पाठवला. बाबा मागच्या बाकावर होते, त्यांना अक्षर जुळवायला वेळ लागायचा, म्हणून त्यांच्या हातात कागद देताना मी कानात सांगितलं, "तुमच्यावर लिवलं, बाबा." ते लाजले. पोरीनं आपल्यावर काही लिहिलं म्हणून त्यांनी तो कागद नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. तो खिसा मला अजून दिसतो.

प्रमोद खुर्चीवर, गळ्यात हार, शेजारी त्याची आई शेवंताबाई, नव्या लुगड्यात. कोणीतरी स्टेजवरही एक पत्रक नेऊन दिलं. प्रमोदनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग हार काढून खुर्चीवर ठेवला आणि लेझीम चालू असतानाच मैदान ओलांडून सरळ बाबांकडे आला. लोकांना वाटलं पाया पडायला चालला आहे. काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"देवराम काका," तो म्हणाला, "हे गाठीचं काय लिवलं आहे?"

बाबांना कळेना. "कोनती गाठ, बा?"

प्रमोदनं ते वाक्य हळू आवाजात वाचून दाखवलं. बाबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नाई बा. पाय सरकला होता तिचा. मी त्याच दिवशी सांगतलं ना तुह्या मायले."

"मग हे?"

"पोर आहे. कायबी लिवते."

लेझीम थांबलं होतं. प्रमोद माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. तो मागत होता. एक वाक्य मागत होता, 'मी मनानं लिहिलं' एवढंच. बाबांनी गाठ दोन्हीकडून ढिली करून माझ्या हातात दिली होती, मला फक्त सोडायची होती. आणि मी, लिहिलेला शब्द मागे न घेणारी, मान ताठ करून, तेही शुद्ध भाषेत म्हणाले, "मी खोटं लिहिलेलं नाही. बाबांच्या तोंडून ऐकलं, तेच लिहिलं."

अख्ख्या गावासमोर मी माझ्या बापाला खोटारडा ठरवलं. ज्याला हिरो करायला निघाले होते त्यालाच.

प्रमोदनं कागदाची घडी केली आणि आईकडे परत गेला. शेवंताबाईला वाचता येत नव्हतं. ती त्याला काहीतरी विचारत होती आणि तो मान हलवत होता. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला वाचून दाखवायला लागली, चांगल्या खणखणीत आवाजात.

मी घरी पोचले तेव्हा बाबा दाराबाहेर उभे होते. कोरड्या कपड्यांत, कोरड्या अंगानं, तसेच, कशाला न शिवता. आईनं दारातून पाहिलं. गंज चढवला, पाला टाकला. पेटवायला काही हाताशी नव्हतं म्हणून माझा उरलेला गुलाबी गठ्ठा उचलून तिनं चुलीत घातला. मी तिला अडवलं नाही. बाबांनी खूप वेळ अंग घासलं. त्या दिवशी आमच्याकडे लाखोळीचं वरण झालं, आणि कोणीच जेवलं नाही.

आज तिशी ओलांडल्यावर, बरीच आंदोलनं करून, एक-दोनदा कोठडीत बसून आल्यावर, मला माझ्याच सोबतच्या मुली विचारतात, "पण ताई, एखादी मुलगी का गेली हे लपवणं बरोबर आहे का? कोणी छळलं असेल तर?" मी म्हणते, नाही, लपवू नये. विचारावं, शोधावं, भांडावं. त्या मुलीसाठी कोणी भांडलं असतं तर मी आज त्याचीच बाजू घेतली असती. पण मी तिच्यासाठी लिहिलं नव्हतं. तिला काय झालं होतं हे मी तीन वर्षांत एकदाही कोणाला विचारलं नव्हतं. मला ती फक्त उदाहरण म्हणून हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोद आला. दोघं ओट्यावर बसले आणि बाबांनी जाळं पुढ्यात ओढलं. मी आत, कुडाला टेकून. पुन्हा कुडाला टेकूनच.

"काका, मी पुसाले नाई आलो," प्रमोद म्हणाला. "तुमी सांगतलं तेच धरून चालतो मी."

"चहा घे."

"तो जो बर्फातून काढला ना मी," तो बोलला, "तो जिता नोता, काका. लोक समजून राह्यले मी वाचवलो त्याले. मी काढलो तवा तो गेल्ता. त्याची पेटी घेऊन मीच गेलो त्याच्या गावाले. माय होती त्याची, अशीच, आपल्या मायसारखी. मले म्हने, त्याले लय तरास झाला का? मी म्हटलं, नाई माय, झोपीतच गेला." जाळ्याच्या शिशाच्या मण्यांचा आवाज थांबला होता. "झोपीत नोता गेला तो. त्याचे हात पायले मी. उकरून उकरून नखं नोते राह्यले."

बाबा म्हणाले, "बरं केलं."

"आमच्यात सारेच असं सांगते. कोनी शिकवलं नाई."

"कोन शिकवंन, बा."

चहा संपला. उठता उठता प्रमोद हसल्यासारखं काहीतरी करत म्हणाला, "बॅनर काढाले लावलं मी. लय मोठं थोबाड दिसत होतं माहं." बाबाही तसंच हसले. ते दोघं एकमेकांना काय म्हणून ओळखत होते ते मला तिथं कळलं, आणि माझं गुलाबी पत्रक त्या ओट्याच्या जवळपासही पोचत नव्हतं. मी एकाला हिरो करण्यासाठी दुसऱ्याला खाली पाडायला निघाले होते. त्यांचं काम तर एकच होतं.

चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. पाचव्या दिवशी शेवंताबाईकडे गेले. ती अंगणात सूप घेऊन तुरी पाखडत होती. मी उभ्या उभ्याच, वाटेत पाठ केलेलं बोलून टाकलं, "बाई, मी खोटं लिवलं होतं. माह्या मनानं लिवलं. बाबा तसं काई बोलले नोते."

"बस," ती म्हणाली.

मी बसले. तिनं पाखडणं थांबवलं नाही.

"तिचं आंग मीच धुतलं ना वं, पोरी. ओढणीले चुण्या होत्या, एकाच जागी, कशाभोवती तरी आवळल्यासारक्या. हातानं ओढून ओढून पायलं मी. जात नोत्या. तुहा बाप म्हने, पाय सरकला. मी म्हटलं, हो भाऊ, सरकला असंन. त्याच्याइतकंच खोटं मीबी बोलली. तिचा बाप होता तवा. तो गेला तवरिक त्याले माईत नोतं. पोरगं बर्फात होतं, त्याले माईत नोतं. मले एकटीले माईत होतं, ते चालत होतं."

सूप थांबलं.

"आता प्रमोद मले पुसते, माय, तुले माईत होतं का? हो म्हटलं तर म्हनंन, मले काऊन नाई सांगतलं. नाई म्हटलं तर..." तिनं माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्यात, खरंच विचारत होती. "तू लिवते ना. मग लिवून दे, त्याले काय सांगू?"

मी उठले तेव्हा तिनं मूठभर तुरी माझ्या ओढणीत टाकल्या, रिकामी कशी जाशील म्हणून. त्या मी घरापर्यंत हातात धरून आणल्या. ओढणीला गाठ मारायचा धीर झाला नाही.

हे प्रकरण लिहिण्याआधी मी प्रमोदला फोन केला. तो आता फौजेतून परत येऊन आलापल्लीकडे नोकरी करतो. शेवंताबाई नाही, बाबाही नाहीत. मी विचारलं, लिहू का? तो म्हणाला, "गावाचं नाव नोको टाकू. तिचं तर नोकोच. तुह्या बापाचं टाक." आईनं तेव्हा त्याला काय उत्तर दिलं, हे मी विचारलं नाही. तेवढं शिकले.

मी शेवंताबाईकडून आले त्याच आठवड्यात बाबांनी तलावात पुन्हा जाळं टाकलं. सकाळी पाळीवर बायका टोपल्या घेऊन जमल्या होत्या. मी मासोळी निवडत होते, मरळ एकीकडे, झिंगे एकीकडे. बाबा त्या दिवसापासून मला एक शब्द रागाचा बोलले नव्हते; ते जास्त जड जात होतं. एका बाईनं टोपली पुढे करत मला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "काय गा भाऊ, शिकलीसवरली पोरगी तुही. असं काऊन केलं तिनं?"

बाबा ओणवे होऊन जाळ्यातलं शेवाळ काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. काठावर बसलेल्या लोकांना सांगायचे त्याच आवाजात, तितकंच सावकाश, ते म्हणाले,

"पाय सरकला."